साम्राज्य, लांचलुचपत आणि एक समाजशास्त्रज्ञ

शेतांतील पीक नाहींसें होऊं लागलें म्हणजे धनी प्रथम गुरांवर संशय घेतो, मग वाटसरूंवर, मग शेजाऱ्यावर. कुंपणावर संशय घेण्याचें त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. 'कुंपणच शेत खातें' ही म्हण आपल्या भाषेंत रूढ आहे, त्या अर्थीं हा अनुभव आपल्या पूर्वजांना चांगला परिचित असला पाहिजे. परंतु अनुभव परिचित असणें निराळें आणि त्याचें शास्त्र बनविणें निराळें. लांचलुचपतीला शिव्या सर्वच देतात. ती उपजते कशी, पोसली जाते कशी, राज्यसत्तेशीं आणि विशेषतः परक्या राज्यसत्तेशीं तिचा संबंध काय, याचा विचार शांत डोक्यानें करणारे विरळा. अशा विरळा माणसांपैकीं एकाचा परिचय मी आज आपणांस करून देणार आहें. त्यांचें नांव सय्यद हुसेन अलातास. मलाया व सिंगापूर ही त्यांची कर्मभूमि. साम्राज्य आणि लांचलुचपत हे दोन विषय त्यांनीं सुमारें चाळीस वर्षें हातांतून खालीं ठेवले नाहींत.

अलातासांचा जन्म १७ सप्टेंबर १९२८ रोजीं जावा बेटांतील बोगोर या गांवीं झाला. घराणें मूळचें अरबस्तानांतील हद्रमौत प्रांताचें. त्या वेळीं जावावर डचांचें राज्य होतें आणि डच गव्हर्नर-जनरलचा राजवाडा याच गांवांत होता. डच लोक गांवाला आपल्या भाषेंत 'बुइटेनझॉर्ग' म्हणत. त्याचा अर्थ 'जेथें चिंता नाहीं असें स्थळ'. ही निश्चिंती कोणाच्या श्रमांवर उभी होती, हा प्रश्न त्या गांवांत जन्मलेल्या मुलानें पुढें विचारावा यांत एक प्रकारचें औचित्य आहे. मार्च १९४२ मध्यें डच सैन्यानें जावांत जपान्यांपुढें शस्त्रें ठेवलीं, तेव्हां अलातास तेरा वर्षांचे होते. १७ ऑगस्ट १९४५ रोजीं इंडोनेशियाचें स्वातंत्र्य घोषित झालें, तेव्हां सोळा वर्षांचे. मिसरूड फुटण्यापूर्वीं एक साम्राज्य पडलेलें, दुसरें आलेलें व गेलेलें आणि तिसरें स्वराज्य जन्मास आलेलें या पिढीनें पाहिलें. ज्याला आपण 'सरकार' म्हणतों ती वस्तु अढळ नाहीं, हें तिला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

शिक्षणासाठीं अलातास गेले तें जुन्या राज्यकर्त्यांच्याच राजधानींत, अ‍ॅम्स्टरडॅमच्या विद्यापीठांत. तेथें असतांना १९५४ सालीं त्यांनीं 'प्रोग्रेसिव्ह इस्लाम' नांवाचें एक मासिक चालविलें. पुढें १९५८ सालीं क्वालालंपूर येथील भाषा-साहित्य संस्थेंत संशोधन विभागाचे प्रमुख, मग मलाया विद्यापीठांत अध्यापक, १९६३ सालीं अ‍ॅम्स्टरडॅमची डॉक्टरची पदवी, आणि १९६७ पासून १९८८ पर्यंत सिंगापूरच्या विद्यापीठांत मलय-विद्या विभागाचे प्रमुख असा हा प्रवास आहे. शेवटीं १९८८ ते १९९१ या काळांत ते मलाया विद्यापीठाचे कुलगुरु होते. पदांची ही यादी मी लवकर आटोपतों. कारण पदें पुष्कळांना मिळतात. या पदांवर बसून त्यांनीं कोणते प्रश्न विचारले तें पाहण्याजोगें आहे.

पहिला प्रश्न लांचेचा. १९६८ सालीं त्यांचें 'लांचलुचपतीचें समाजशास्त्र' हें छोटेखानी पुस्तक सिंगापूर येथें प्रसिद्ध झालें. त्या वेळीं पाश्चात्त्य विद्यापीठांत एक चमत्कारिक मत प्रतिष्ठा पावत होतें. कांहीं पंडित असें प्रतिपादूं लागले होते कीं, नवस्वतंत्र देशांत लांच ही सर्वस्वीं वाईट नव्हे. सरकारी यंत्राचीं चाकें गंजलेलीं असतात, त्यांना लांच वंगणासारखी उपयोगी पडते. दुसरे कांहीं म्हणत कीं, आशियांतील लोकांत भेट देण्याची चाल जुनी आहे. ते ज्याला भेट समजतात त्याला आपण लांच म्हणणें हा केवळ दृष्टिभेद होय. वरवर पाहतां हीं मतें उदार वाटतात. अलातासांनीं त्यांच्या मुळाशीं असलेला अपमान ओळखला. आशियांतील माणसाला भेट आणि लांच यांतील भेद कळत नाहीं, असें म्हणणें म्हणजे त्याला विवेक नाहीं असेंच म्हणणें नव्हे काय? ज्याला पाटाचें पाणी मिळविण्यासाठीं कारकुनाच्या हातावर पैसे ठेवावे लागतात तो शेतकरी, तो आहेर करीत आहे असें कधींच समजत नाहीं. आणि हा व्यवहार जर खरोखर समाजमान्य चालीचा असता, तर तो मेजाखालून कशाला झाला असता? गुप्तपणा, विश्वासघात आणि परिणामांविषयीं बेफिकिरी हीं लांचेचीं लक्षणें सर्व काळीं व सर्व देशीं सारखींच आढळतात, असा अलातासांचा सिद्धांत आहे.

त्याच्या पुष्टीसाठीं त्यांनीं पुरावा आणला तो आशियाच्याच इतिहासांतून. अकराव्या शतकांतील चिनी प्रधान वांग आन-शि यानें बादशहाला सांगितलें होतें कीं, राज्य बिघडतें तें वाईट कायद्यांनीं आणि वाईट माणसांनीं. एकाची दुरुस्ती करून दुसऱ्याची न केल्यास उपाय फुकट जातो. चौदाव्या शतकांतील अरब इतिहासकार इब्न खल्दून हा स्वतः न्यायाधीशाचें काम केलेला माणूस. राज्यकर्त्या वर्गाची चैनीची हांव हें लांचलुचपतीचें मूळ, असें त्यानें दाखविलें: वरचा वर्ग ऐषआरामासाठीं हात मारूं लागला कीं, खालच्यांवर त्याचा ताण पडतो आणि तेही त्याच वाटेला लागतात. आपल्याकडे कौटिल्यानें सरकारी द्रव्य गिळण्याच्या चाळीस युक्त्या मोजून ठेवल्या आहेत, हें श्रोत्यांना ठाऊक असेलच. ज्या समाजांना लांच म्हणजे काय हें कळत नाहीं त्यांत अशीं पुस्तकें लिहिलीं जात नाहींत.

पुढें अलातासांनीं या विषयाचे बारकाईनें प्रकार पाडले. लांच देणारा व घेणारा दोघेही राजीखुषीनें नफा वांटून घेतात, हा एक प्रकार. घेणारा गळा धरतो आणि देणारा केवळ नुकसान टळावें म्हणून देतो, हा दुसरा. आणि अशा गळचेपींतून सुटण्यासाठीं बिचाऱ्यानें केलेली धडपड हा तिसरा, ज्यांत देणाऱ्याला दोषी धरणें अन्याय होय. आज कांहीं काम नाहीं, पण उद्यां पडेल म्हणून आधींच ओल धरून ठेवणें, हा पेरणीचा प्रकार चौथा. आप्तस्वकीयांची वशिल्यानें वर्णी लावणें हा पांचवा. दुसरा कोणीच नसतांना, नवा रस्ता कोठून जाणार हें कचेरींत बसून आधीं कळल्यामुळें तेथील जमीन गुपचूप विकत घेणें हा सहावा. आणि सातवा सर्वांत घातक: ज्यांत पैशाची देवघेव मुळींच होत नाहीं, पण आपला कारभार उघडा पडूं नये म्हणून प्रामाणिक माणसाला अधिकाराच्या जागेवर येऊंच द्यावयाचें नाहीं, अशी कारस्थानें चालतात. जेथें हा सातवा प्रकार रुळला तेथें लांच हा अपवाद राहत नसून तीच राज्यपद्धति होते. भरती आली म्हणजे समुद्राचें पाणी घरांत शिरतें, तशा या अवस्थेला अलातासांनीं 'भरतीची लांचलुचपत' म्हटलें आहे.

हे प्रकार आपणांस परके वाटूं नयेत म्हणून घरचेंच एक जुनें प्रकरण सांगतों. १८८८ सालीं पुण्यास मध्य भागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर, मामलेदारांकडून नेमणुकी व बदल्यांसाठीं पैसे उकळल्याचा आरोप आला. मामलेदारांनीं खरें सांगावें म्हणून सरकारनें त्यांना अभयवचन दिलें. चौकशीमंडळाला लांचेचा आरोप शाबीत झाला असें वाटलें नाहीं. हाताखालच्या लोकांकडून कर्जें घेतल्याचा ठपका मात्र बसला आणि क्रॉफर्डसाहेबांची नोकरी गेली. पण वादळ खरें उठलें तें पुढें. ज्यांनीं पैसे दिल्याचें कबूल केलें त्या मामलेदारांना शिक्षा करावी अशी ओरड विलायतेंत झाली, कांहींच्या नोकऱ्याही गेल्या, आणि टिळकांनीं त्यांचा कैवार घेतला. अलातासांच्या भाषेंत सांगावयाचें तर वाद एवढाच होता: तें देणें राजीखुषीचें होतें कीं गळचेपीचें? शास्त्रीय वर्गीकरण हा पंडितांचा खेळ नव्हे, त्यावर माणसांची भाकर अवलंबून असते, हें या प्रकरणानें दिसून येतें. मुंबईच्या ज्या मंडईला क्रॉफर्ड यांचें नांव होतें तिला पुढें महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें. आणि 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकांत सरकारी कचेऱ्यांतील लांचखाऊपणावर कोरडे ओढणारे तेच फुले होत.

आतां दुसरा प्रश्न, साम्राज्याचा. व्यापारी कंपन्यांचीं साम्राज्यें लांचेच्या चिखलांतच वाढलीं. डचांची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ सालीं निघाली आणि १७९९ च्या अखेरीस बुडाली. नोकरांना पगार तुटपुंजा व खासगी व्यापाराची चोरटी संधि अमाप, अशी तिची रीत. तिच्या नांवाच्या आद्याक्षरांचा अर्थ डच लोक विनोदानें 'लांचलुचपतीनें बुडालेली' असा लावीत. परंतु इतिहासकारांची एक संवय अशी कीं, आशियांतील नबाबानें पैसे घेतले तर तो पौर्वात्य दुराचार, आणि गोऱ्या अधिकाऱ्यानें घेतले तर तो त्या काळचा रिवाज. या दुहेरी मापावर अलातासांनीं बोट ठेवलें.

त्यासाठीं त्यांनीं जो पुरुष निवडला त्यावरून त्यांचें धैर्य दिसतें. सर स्टॅम्फर्ड रॅफल्स हा सिंगापूरचा संस्थापक. त्याचा पुतळा त्या शहराच्या मध्यभागीं उभा आहे. त्यानें १८१९ सालीं सिंगापूर वसविलें, म्हणून १९६९ सालीं त्या घटनेस दीडशें वर्षें झालीं. आणि १९७१ सालीं, त्याच शहरांतील विद्यापीठाचा पगार घेणाऱ्या या प्राध्यापकानें 'रॅफल्स : कारस्थानी कीं सुधारक?' असें विचारणारें पुस्तक लिहिलें. १८११ सालीं जावावर इंग्रजांची स्वारी होण्यापूर्वीं रॅफल्सनें पालेंबांगच्या सुलतानाला, तुझ्या राज्यांतून डचांना नाहींसें करून टाक, अशा अर्थाचीं पत्रें लिहिलीं. त्या वर्षीं पालेंबांगच्या डच ठाण्यांतील लोकांची कत्तल झाली. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८१२ त, त्या कत्तलीबद्दल सुलतानाला शासन करण्यासाठीं रॅफल्सनेंच फौज धाडली, त्याच्या भावाला गादीवर बसविलें आणि कथलाच्या खाणींनीं समृद्ध असें बांका बेट कंपनीच्या पदरांत पाडून घेतलें. बोर्निओंतील बंजरमासिन येथें रॅफल्सच्या हेअर नांवाच्या स्नेह्यानें स्वतःसाठीं मोठा मुलूख मिळविला, तेव्हां तेथें राबण्यासाठीं जावांतून माणसें पाठविण्याची सोय सरकारी खर्चानें व सरकारी हुकुमानें झाली. हीं प्रकरणें गुप्त नव्हतीं. तरी चरित्रकार त्यांच्यावरून इतक्या हलक्या पावलांनीं कां गेले, हाच अलातासांचा खरा प्रश्न आहे. रॅफल्सनें कांहींच चांगलें केलें नाहीं असा त्यांचा दावा नाहीं. सुलतानाला जो तराजू लावतां तोच रॅफल्सला लावा, एवढीच त्यांची मागणी आहे.

त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ १९७७ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. त्याचें नांव 'आळशी एतद्देशीयाची दंतकथा'. मलय, फिलिपिनो व जावानीज लोक जात्याच आळशी आहेत, हें मत सोळाव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत युरोपियन अधिकारी, पाद्री, प्रवासी व व्यापारी यांच्या लेखणींतून कसें वाढत गेलें, याची ती छाननी आहे. अलातासांचें म्हणणें थोडक्यांत असें. मलय शेतकरी पहांटे उठून भात लावी, मासेमारी करी, घर शाकारी, होडी बांधी. तो आळशी नव्हता. पण साहेबाच्या मळ्यावर किंवा कथलाच्या खाणींत मजुरीस यावयास तो तयार नव्हता, कारण त्याच्या पायाखालीं स्वतःची जमीन होती आणि मळ्यांतील मजुरीची दशा तो डोळ्यांनीं पाहत होता. तेव्हां 'आळशी' या शब्दाचा अर्थ 'जो दुसऱ्याच्या नफ्यासाठीं राबत नाहीं तो' एवढाच उरतो. ज्या चिनी व तामिळ मजुरांना उद्योगी म्हणून वाखाणलें गेलें, त्यांना करारानें जखडून आणलें होतें. हिंदी मजुरांसाठीं मलायांतील ती करारपद्धति १९१० सालीं बंद झाली. आणि चिनी मजूर दिवसभर राबून संध्याकाळीं जी अफू ओढी, तिच्या मक्त्यांतून सरकारी तिजोरींत पैसा येई. लोकांच्या व्यसनावर तिजोरी भरणाऱ्या सरकारानें लोकांच्या उद्योगशीलतेवर प्रवचन द्यावें, याला आपल्याकडे 'चोराच्या उलट्या बोंबा' म्हणतात.

जावांतील हकीकत याहून बोलकी आहे. १८३० पासून डच सरकारनें तेथें सक्तीच्या लागवडीची पद्धत चालू केली. शेतकऱ्यानें आपल्या जमिनीचा ठराविक हिस्सा कॉफी, ऊंस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांना द्यावयाचा. आणि जितकें पीक अधिक तितका अधिकाऱ्याला व देशी सरदाराला शेंकडेवारीनें मोबदला. म्हणजे जुलूम करण्याबद्दल बक्षीस ठेवलेलें! १८३१ ते १८७७ या काळांत या मार्गानें जावांतून हॉलंडच्या खजिन्यांत ऐंशीं कोटींहून अधिक गिल्डर गेले. १८५६ सालीं लेबाक जिल्ह्यांतील डौवेस डेकर या डच अधिकाऱ्यानें देशी सरदाराच्या पिळवणुकीविरुद्ध तक्रार केली. वरिष्ठांनीं साथ दिली नाहीं, तेव्हां त्यानें राजीनामा दिला आणि १८६० सालीं 'माक्स हावेलार' ही जगप्रसिद्ध कादंबरी लिहिली. आणि ज्या लोकांकडून हें सारें उपसून नेलें, तेच लोक आळशी ठरले!

या विचाराची पहिली मशाल आपण पेटविली असें अलातासांनीं कोठेंही म्हटलें नाहीं. फिलिपाइन्सचा देशभक्त होसे रिझाल यानें १८९० सालींच माद्रिदमधून निघणाऱ्या पत्रांत आपल्या देशबांधवांच्या कथित आळसावर लेखमाला लिहिली होती. आळस हें दुर्दशेचें कारण नसून दुर्दशेचा परिणाम आहे, असें त्यानें दाखविलें. स्पॅनिश सरकारनें ३० डिसेंबर १८९६ रोजीं त्याला मनिला येथें गोळ्या घालून ठार केलें. ऐंशीं वर्षांनंतर अलातासांनीं त्याचें अपुरें काम हातीं घेतलें.

श्रोतेहो, परक्या राज्यकर्त्यांवर टीका करणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत, आणि राज्य गेल्यावर तशीं लिहिण्यास फारसें धैर्यही लागत नाहीं. अलातासांची खरी कसोटी पुढें आहे. स्वातंत्र्यानंतर मलयांच्याच पुढाऱ्यांनीं, आपले लोक मागासलेले राहिले ते स्वभावदोषामुळें, असें म्हणण्यास सुरुवात केली. १९७१ सालीं सत्ताधारी मलय पक्षानें 'मानसिक क्रांति' या नांवाचें पुस्तक काढलें. त्यांत मलय माणसाच्या उणीवांचा पाढा वाचला होता. अलातासांनीं आपल्या ग्रंथांत त्याचा कठोर समाचार घेतला. साहेब गेला, पण साहेबाचें मत स्वकीयांच्या तोंडून बोलूं लागलें, असें त्यांनीं दाखवून दिलें. याच सुमारास, १९७२ व १९७४ सालीं लिहिलेल्या निबंधांत त्यांनीं 'बंदिस्त मन' ही कल्पना मांडली. असें मन शिकलेलें असतें, पण स्वतंत्र प्रश्न त्याला सुचत नाहीं. तें दुसऱ्याची विचारपद्धति जशीच्या तशी उचलतें, समाजाच्या खऱ्या अडचणींशीं त्याचें नातें तुटलेलें असतें, आणि आपण बंदिस्त आहों हेंही त्याला कळत नाहीं. लांच ही वंगण आहे हें परदेशी मत आशियांतील ज्या विद्वानांनीं मान डोलवून स्वीकारलें, त्यांचें मन याच जातीचें. येथें अलातासांचे दोन्ही प्रश्न एकत्र येतात: साम्राज्यानें मनाला जें वळण लावलें तेंच लांचेला सोयीचीं निमित्तें पुरवितें.

केवळ लिहून ते थांबले नाहींत. १९६८ सालीं मलेशियांत 'गेराकान' नांवाचा, कोणत्याही एका जमातीचा नसलेला पक्ष निघाला; त्याचे पहिले अध्यक्ष अलातास होते. १९६९ च्या निवडणुकींत त्या पक्षानें पेनांगची सत्ता जिंकली. परंतु पुढें पक्ष सत्ताधाऱ्यांच्या आघाडीकडे झुकला, तेव्हां ते कांहीं सहकाऱ्यांसह बाहेर पडले. १९७२ सालीं काढलेला नवा पक्ष १९७४ च्या निवडणुकींत अवघी एक जागा मिळवून मागें पडला. राजकारणांत ते अयशस्वी झाले असेंच म्हणावें लागेल.

त्यांच्या कार्याला मर्यादाही आहेत. 'दंतकथे'चा पुरावा बहुतेक राज्यकर्त्यांच्याच छापील लिखाणांतला आहे. ज्याला आळशी म्हटलें त्या शेतकऱ्याचा आवाज तींत कमी ऐकूं येतो. लांचेवरील उपायांत त्यांनीं पुढाऱ्यांच्या चारित्र्यावर इतका भर दिला आहे कीं, चांगलीं माणसें आणावयाचीं कोठून, ही शंका वाचकाला राहते. तरीही त्यांच्या ग्रंथाचा प्रभाव दूरवर गेला. एडवर्ड सैद यांनीं १९९३ सालच्या आपल्या 'संस्कृति आणि साम्राज्यवाद' या ग्रंथांत 'दंतकथे'चा परामर्श आपल्या रणजित गुहा यांच्या बंगालच्या जमीनधाऱ्यावरील ग्रंथाबरोबर घेतला आहे. २३ जानेवारी २००७ रोजीं क्वालालंपूर येथें अलातास निवर्तले.

त्यांच्या जीवनकार्यापासून घेण्यासारखें मला वाटतें तें असें. परक्या राज्यानें आपलें काय बिघडविलें हें निर्भयपणें सांगणें हें इतिहासकाराचें कर्तव्य आहे. पण तेवढ्यावर थांबल्यास तोच इतिहास स्वकीय लांचखाऊंना पांघरूण होतो. 'हें इंग्रजांनीं शिकविलें' किंवा 'हें आपल्या रक्तांतच आहे' या दोन वाक्यांत एरवीं विरोध दिसतो, परंतु दोहोंचा उपयोग एकच: आज कचेरींत बसलेल्या माणसाला जबाबदारींतून मोकळें करणें. अलातासांनीं दोन्ही वाक्यें नाकारलीं. साम्राज्याचा जमाखर्च त्यांनीं मांडला, आणि त्याच वहीच्या पुढील पानावर स्वराज्याचाही मांडला. कुंपणानें शेत खाल्लें असेल, तर कुंपण कोणीं घातलें होतें हें विचारणें योग्यच आहे. पण आतां शेत आपलें आहे, आणि कुंपणही आपणच घालावयाचें आहे.